दवाखान्याचं बिल भरलं, तरी खर्च थांबत नाही

पत्र: माझे यजमान रंगकाम करतात. अडीच महिन्यांपूर्वी परांचीवरून पडून त्यांच्या नडगीचं हाड मोडलं. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. ऑपरेशन करून रॉड टाकला. साठवलेलं सगळं पहिल्या दोन दिवसांतच गेलं. दवाखान्याची थोडी बाकी राहिली आहे, तिथून फोन येतात. ठेकेदाराने पहिल्या दिवशी थोडे पैसे दिले, आता तो फोन उचलत नाही. आधी म्हणाला होता, पट्टा लावला नाही ही तुमच्या माणसाची चूक. यजमानांचं करायला मी पॅकिंगचं काम सोडलं, आणि मला घरात एकटीला जमेना म्हणून नववीतल्या मुलीलाही घरी बसवलं आहे. दीर म्हणतात, शिलाई मशीन विकू, वर महिना शेकडा दहाने पैसे उचलू आणि दवाखाना मोकळा करू. यजमान सहा आठवड्यांच्या तपासणीला गेले नाहीत. फिजिओथेरपी दोनदा करून सोडली. ‘आता आणखी खर्च नको’ एवढंच म्हणतात. दिवसभर पडून असतात, सिगारेटी वाढल्यात. कधी कधी मला त्यांचा फार राग येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. सुरुवात कुठून करू?

ताई,

सुरुवात तपासणीपासून करा, आणि याच आठवड्यात करा. दिरांशी कर्जाचं बोलणं, दवाखान्याची बाकी, ठेकेदार हे सगळं त्यानंतर. तुमच्या घरात या घडीला सगळ्यात महाग पडू शकेल अशी गोष्ट म्हणजे ती चुकलेली तपासणी, आणि सध्या तरी ती एका एक्स-रेच्या खर्चात भरून काढता येण्यासारखी आहे. जखमेतून पू किंवा पाणी येत असेल, पाय लाल आणि गरम लागत असेल, ताप असेल, दुखणं उतरायचं सोडून चढत असेल, तर आठवड्याचीही वाट पाहू नका, आजच न्या. पोटरी सुजून दुखायला लागली तरी त्याच दिवशी दाखवा. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर क्षणभर थांबू नका. पायात झालेली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेल्याची ती खूण असू शकते.

साठवलेलं सगळं पहिल्या दोन दिवसांत गेलं, असं तुम्ही लिहिलंय. त्यात तुमचं काही चुकलं नाही. माणूस ऑपरेशनच्या टेबलावर असताना कुणी हिशेब करत बसत नाही, बसूही नये. पण त्यानंतर बहुतेक घरांत एक गैरसमज होतो. दवाखान्याचं बिल हेच संकट होतं आणि डिस्चार्ज मिळाला म्हणजे ते टळलं, असं सगळ्यांना वाटतं. खरं तर खर्चाचा दुसरा भाग तिथून पुढे सुरू होतो. तो पावतीवर दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही. त्यांची मजुरी थांबली, तुमची थांबली. ड्रेसिंगला जायचं गाडीभाडं, औषधं, वॉकर, बरोबर येणाऱ्या माणसाचा खाडा हे सगळं त्याच भागातलं.

हे मी नुसतं अंदाजाने म्हणत नाही. जगभरातल्या शस्त्रक्रियांचा अभ्यास करणाऱ्या, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ साली मांडलेला हिशेब असा आहे : दरवर्षी सुमारे ३ कोटी ३० लाख माणसांना शस्त्रक्रियेचं बिल भरताना न झेपणारा खर्च सोसावा लागतो, आणि त्याशिवाय आणखी ४ कोटी ८० लाख माणसं बिलाबाहेरच्या खर्चाने तशाच अडचणीत येतात. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे. तुमच्या घरातला जो ताण कुणाला सांगताही येत नाही, तो याच दुसऱ्या आकड्यातला आहे.

न झेपणारा खर्च मोजायची जगभर बराच काळ वापरलेली एक पद्धत आहे. घराच्या एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त पैसा आरोग्यावर गेला, तर ते घर अडचणीत आलं असं धरतात. चौथ्या हिश्शाच्या वर गेला, तर फारच अडचणीत. मला या पद्धतीत एक मोठी उणीव दिसते. ज्या घराने पैसे नाहीत म्हणून तपासणीच टाळली, त्या घराचा त्या महिन्याचा खर्च शून्य दिसतो. कागदावर ते घर सुखरूप असतं आणि प्रत्यक्षात पाय आतून बिघडत असतो. तुमच्या घरातही आज हेच चाललं आहे. दुखणं अंगावर काढून पैसे वाचवले असं यजमानांना वाटतंय, पण तो खर्च फक्त पुढे ढकलला गेलाय, आणि पुढे तो याच भावात मिळणार नाही.

आता पुढचं त्यांना वाचून दाखवा.

दादा, नडगीचं हाड जुळायला सर्वसाधारणपणे चार ते सहा महिने लागतात. कातडी फाटून हाड उघडं पडलं असेल तर त्याहून जास्तही. अडीच महिन्यांत तुम्ही उभे राहिला नाहीत, यात कमीपणा काही नाही. रॉड हाडाला धरून ठेवतो, जुळायचं काम हाडालाच करावं लागतं. ते जुळतंय का, वाकडं तर जुळत नाही ना, हे बाहेरून कळत नाही, एक्स-रेतच कळतं. वेळेवर कळलं तर बरेचदा थोडक्यात निभावतं. सहा महिन्यांनी कळलं आणि हाड जुळलेलंच नसलं, किंवा आत जंतुसंसर्ग मुरला असला, तर पुन्हा ऑपरेशन, पुन्हा भरती, पुन्हा इतकेच महिने घरी. तुमच्या घराला दुसरं ऑपरेशन परवडणार नाही. तपासणी परवडेल.

फिजिओथेरपीला रोज जाणं परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. एकदाच जा, व्यायाम शिकून घ्या, कागदावर लिहून घ्या आणि घरी करा. ऑस्ट्रेलियात घोट्याच्या फ्रॅक्चरवर एक मोठी चाचणी झाली, २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. थेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम करणारे आणि एकदा नीट सल्ला घेऊन घरीच करणारे, यांच्यात बरं होण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. तुमची दुखापत वेगळी आहे, म्हणून तुम्ही काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं. पण रोज जाता येत नाही म्हणून काहीच करायचं नाही, असं होऊ देऊ नका. गुडघा आणि घोटा आखडले, तर हाड जुळल्यावरही शिडी चढता येणार नाही.

आणि सिगारेट. पडून पडून जीव कंटाळतो, कामाची काळजी खाते, हात पाकिटाकडे जातो, हे समजू शकते. पण नडगीच्या अशाच उघड्या फ्रॅक्चरच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००५ साली छापून आलेल्या अभ्यासात, सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हाड जुळण्याचं प्रमाण बरंच कमी आढळलं आणि जंतुसंसर्गाची शक्यता दुपटीहून जास्त. तुम्ही घरासाठी खर्च वाचवताय ना? मग पहिली बचत इथे करा.

ताई, आता पैशाकडे वळते.

मला शंका आहे की यजमान तपासणीला जात नाहीत, त्यामागे एक्स-रेच्या खर्चाइतकीच त्या बाकीची भीती आहे. खिडकीवर गेलं की ‘आधीचे कधी देताय’ विचारणार, चारचौघांत मान खाली जाणार. पुष्कळ माणसं दवाखान्याकडे पाठ फिरवतात ती याच कारणाने. म्हणून तुम्ही आधी एकट्या जा. दुपारी गर्दी कमी असताना हिशेबाच्या खिडकीवर जाऊन सगळ्या बिलाची तपशीलवार प्रत मागा. नुसती बेरीज दाखवणारा कागद घेऊन परत येऊ नका. एकेक ओळ वाचा. खाटेचे दिवस बरोबर धरलेत का, एकच तपासणी दोनदा लागली आहे का, न वापरलेली औषधं परत केली होती ती वजा झाली का. चूक निघेलच असं नाही, पण निघते. मग दवाखान्यात वैद्यकीय समाजसेवक आहेत का ते विचारा. रुग्णाच्या परिस्थितीप्रमाणे सवलत, मदत निधी, सरकारी योजना याची माहिती असणारं आणि तुमची बाजू मांडू शकणारं तेच माणूस असतं, आणि त्यांच्यापर्यंत आपणहून फार थोडी माणसं पोहोचतात. शेवटी हप्ते मागा, लेखी. हप्ता इतका लहान ठेवा की वाईट महिन्यातही तो चुकणार नाही. तिथे उभं असताना संकोचाने मोठा आकडा कबूल करू नका. दोन महिन्यांनी तो मोडला की तुमच्या शब्दावर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. एवढं करूनही ते तपासणीला आडकाठी करत असतील, तर डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा कागद आणि जुन्या एक्स-रे फिल्म घेऊन सरकारी रुग्णालयातल्या हाडांच्या विभागात जा. टाकलेल्या रॉडचा तपशील कागदावर असेल तर तेवढ्यावर दुसरे डॉक्टरही पुढचं बघू शकतात.

दिरांचा हेतू चांगला आहे, सल्ला चुकीचा आहे. दवाखान्याची बाकी आणि सावकाराचं कर्ज यात फार मोठा फरक आहे. दवाखान्याचे फोन त्रासदायक असले, तरी त्या बाकीवर व्याज लागत नसेल तर आज आहे तेवढीच ती पुढच्या महिन्यातही असेल. व्याज लागतं का, ते आधी विचारून घ्या. शेकडा दहाचं तसं नाही. दर महिन्याला नुसतं व्याज भरत गेलात, तर दहा महिन्यांत मुद्दलाइतके पैसे देऊन होतात आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. व्याजही थकलं आणि ते मुद्दलात मिसळत गेलं, तर आठव्या महिन्यात कर्ज दुपटीच्या पुढे जातं. यजमान कामावर परतायला नेमका तेवढाच काळ लागू शकतो. म्हणजे पहिली मजुरी हातात येईल त्या दिवशी ती सावकाराची झालेली असेल. वाढत नसलेलं देणं फेडायला वाढणारं देणं घेऊ नका. पैसे घ्यावेच लागले, तर बचत गट, पतसंस्था, नात्यातलं बिनव्याजी उसनं, तुमच्या मालकाकडून उचल, हे सगळे दरवाजे आधी ठोठावा. आणि तेही तपासणी, औषध, गाडीभाडं यांच्यापुरतेच घ्या.

मशीन विकू नका. घरात विकण्यासारखं आणखी काही असेल तर ते विका, आणि त्याचं दुःखही करा, ते होणारच. पण ज्या वस्तूवर चार पैसे येतात ती वस्तू विकली की एकदाच पैसे मिळतात आणि पुढची आवक कायमची जाते. तुमच्या घरात आज कमावण्याची ताकद असलेली तीच एक गोष्ट उरली आहे. यजमानांच्या अवजारांनाही हेच लागू.

ठेकेदाराच्या बाबतीत मला तुमच्यापेक्षा जास्त राग आला. ‘पट्टा लावला नाही.’ पट्टा दिला होता का? दिला असेल तर तो अडकवायला वर दोर किंवा हूक होता का? हे दोन प्रश्न त्याला लेखी विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, आणि उपचार घ्यावे लागतील इतकं जोरात पडण्याच्या घटना ३ कोटी ७० लाखांहून जास्त घडतात. पडणं ही एकेका माणसाच्या वेंधळेपणाची गोष्ट असती तर आकडा एवढा मोठा झाला नसता.

कामावरच्या अपघाताचा भार चूक कुणाची हे न बघता कामानेच उचलावा, हे तत्त्व काही नवं नाही. जर्मनीने १८८४ साली त्यासाठी अपघात विम्याचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा करार १९२५ साली केला, १९६४ साली आणखी एक केला, आणि त्यात उपचार आणि बुडालेली मजुरी दोन्ही धरली. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, रोजंदारीवरच्या माणसापर्यंत ते सारखे पोहोचत नाहीत, आणि दावा करायला मुदत असते. म्हणून थांबू नका. जवळच्या कामगार कार्यालयात, कामगार संघटनेत किंवा मोफत कायदेशीर मदत केंद्रात जाऊन तुमच्याकडे कुठला कायदा लागू होतो ते विचारा. ठेकेदाराच्या वर कुणी मोठा ठेकेदार किंवा मालक होता का, तेही सांगा, कारण जबाबदारी कधी कधी तिथपर्यंत जाते.

पुरावा मात्र आत्ता गोळा करा. त्या दिवशी परांचीवर कोण कोण होतं त्यांची नावं आणि नंबर. कामाच्या जागेचा फोटो. मजुरी खात्यावर किंवा फोनवर आली असेल तर त्या नोंदी. ठेकेदाराने पहिल्या दिवशी दिलेले पैसे कसे दिले, कुणासमोर दिले तेही लिहून ठेवा, कारण यजमान त्याच्याकडे कामाला होते हे दाखवायला त्याचा उपयोग होऊ शकतो. दवाखान्यात भरती होतानाचा कागद काढून बघा. त्यावर नुसतं ‘पडून दुखापत’ असं असेल आणि कामावर असताना उंचीवरून पडल्याचा उल्लेख नसेल, तर तो दुरुस्त करण्यासाठी अर्ज द्या. पुढे वकील पहिल्यांदा हाच कागद मागतील. आणि एक कळकळीने सांगते : उद्या ठेकेदार थोडी रक्कम घेऊन दारात आला आणि ‘आता काही देणं-घेणं उरलं नाही’ अशा कागदावर सही मागू लागला, तर गरज कितीही असली तरी माहितगाराला दाखवल्याशिवाय सही करू नका.

मुलीला सोमवारी शाळेत पाठवा. पत्रात तुम्ही तिच्याबद्दल अर्धं वाक्य लिहिलंय, मला ते सगळ्यात जास्त लागलं. अपघात झालेल्या घरात सगळ्यात आधी मुलीला घरी बसवतात, कारण तिचा वेळ कुणाला फुकट वाटतो. तो फुकट नसतो. दोन-तीन महिन्यांचा खंड भरून काढता येतो, वर्षाचा फार कमी मुलींना भरून काढता येतो. शिक्षकांना भेटून खरी परिस्थिती सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

तिच्या जागी कोण, हा प्रश्न येणारच. आता अडीच महिने झालेत. अंघोळ, कपडे, ड्रेसिंग याला माणूस लागत असेल, पण दिवसभर उशाशी बसायला लागत नसावं. पाणी, औषध, फोन, भांडं हाताशी ठेवलं आणि वॉकर खाटेजवळ असला, तर ते तीन-चार तास एकटे राहू शकतील का, हे डॉक्टरांना विचारा. बसून करता येण्यासारखी घरातली कामं त्यांच्याकडे द्या. भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, मुलीचा अभ्यास. त्यात त्यांचा अपमान नाही. उलट दिवसभर छताकडे बघत पडलेल्या माणसाला त्याने थोडा जीव येतो. तुम्ही पॅकिंगच्या ठिकाणी जाऊन अर्ध्या पाळीचं विचारा. मिळालं तर घ्या. दोघांचीही कमाई एकदम बंद होणं हे घराला बिलापेक्षा जास्त खचवतं.

मदत मागताना मोघम मागू नका. ‘काही असेल तर सांगा’ म्हणणारी माणसं खरंच मदत करायला तयार असतात, त्यांना नेमकं काय करायचं ते कळत नाही. दिरांना सांगा : कर्ज नको, तपासणीच्या दिवशी तुम्ही बरोबर चला, आणि ठेकेदाराला लिहायचा अर्ज तुम्ही लिहा. शेजारणीला सांगा : मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तासभर त्यांच्याकडे लक्ष द्या. ज्याने भेटायला येताना फळं आणली, त्याला पुढच्या वेळी ड्रेसिंगचं सामान आणायला सांगा. वाईट वाटून घेत नाहीत माणसं.

आणि तो राग. तुम्ही पैसे जुळवताय, पाय धुताय, फोन घेताय, रात्री जागताय, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय तो भिंतीकडे तोंड करून ‘खर्च नको’ म्हणतो. राग येणारच. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त तो आतल्या आत ठेवू नका, कारण तो मुलीवर निघतो किंवा तुमच्या तब्येतीवर. एखाद्या शांत वेळी त्यांना एवढंच सांगा की मी दमले आहे, आणि तुम्ही तपासणीला आलात तर माझं ओझं कमी होईल. ‘तुमच्यासाठी’ म्हटल्यावर जो माणूस हलत नाही, तो ‘माझ्यासाठी’ म्हटल्यावर बरेचदा उठतो. त्यांची झोप उडाली असेल, बोलणं बंद झालं असेल, जगून काय उपयोग असं काही तोंडातून निघत असेल, तर तेही त्याच डॉक्टरांच्या कानावर घाला. जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याचं बोलले, तर तपासणीच्या दिवसाची वाट पाहू नका आणि त्यांना एकटं सोडू नका. अपघातानंतर मन खचणं ही उपचार करायची गोष्ट आहे, तो स्वभाव नव्हे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घरूनच लिहून न्या, तिथे गेल्यावर आठवत नाहीत. पायावर किती भार टाकायचा आणि कधीपासून? कुठले व्यायाम, दिवसातून किती वेळा? स्वस्तातली, त्याच गुणाची औषधं चालतील का? पुढची तपासणी कधी, आणि ती टाळली तर काय होईल? उंचीवरचं काम पुन्हा कधी करता येईल? तोवर खाली बसून करायचं घासकाम, पुट्टी, रंग कालवणं, कामाचा अंदाज काढून देणं, यातलं काय चालेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला कळवा. उंचीवरचं काम बराच काळ जमणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तर कामाचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, त्यावर पुढच्या पत्रात सविस्तर बोलू.